जनरल रजिस्टर

आमच्या भागात साठी ओलांडलेल्या माणसांना जन्मतारीख विचारली, तर बरेच जण एक जून सांगतात. ही सगळी माणसं काही एकाच दिवशी जन्मलेली नाहीत. पोराला शाळेत घालायला बाप घेऊन आला, जन्माची नोंद कुठेच नाही, आईला एवढंच आठवतंय की मोठ्या पावसात झाला. मग गुरुजींनी पोराची उंची बघितली, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता येतो का ते बघितलं आणि अंदाजाने सहा-सात वर्षं मागे जाऊन एक जून लिहून टाकलं. त्या एका ओळीवर तो माणूस पुढे नोकरीला लागला, निवृत्त झाला, त्याची पेन्शन ठरली.

ही ओळ ज्या वहीत असते तिला शाळेत जनरल रजिस्टर म्हणतात. मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवते. पहिली ते सातवीचे वर्ग, चार खोल्या. मुख्याध्यापकाचं पद रिकामं आहे म्हणून प्रभार माझ्याकडे, आणि त्यामुळे लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. शिक्षकाच्या आयुष्यातले चढउतार म्हटलं की लोकांना निकाल, बदली आणि पगार आठवतो. ते आहेच. पण मला गेल्या काही वर्षांत जास्तीत जास्त आनंद आणि जास्तीत जास्त घोर दिला तो या वहीने.

माझा दिवस इतर कुठल्याही नोकरीवाल्या बाईसारखाच सुरू होतो. फजरची नमाज झाली की कणीक, भाजी, तीन डबे. घरात सासूबाई आहेत, त्यांना मी अम्मी म्हणते. त्यांची शुगरची गोळी, मुलाची न सापडणारी एक मोजडी, नळाला पाणी आलं तर त्याची धावपळ. यांचं गाद्यांचं दुकान आहे. आम्ही पिंजारी. सासऱ्यांच्या वडिलांच्या खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी असायची, आता दुकानात मशीन आहे, पण गादी अजून हातानेच शिवली जाते. साडेनऊला मी स्कुटी काढते आणि चौदा किलोमीटरवरच्या शाळेत पोचते. परिपाठ, हजेरी, खिचडीच्या तांदळाचा हिशेब, दोन वर्ग एकत्र बसवून शिकवणं आणि मधूनच येणारा फोन: "बाई, अमुक माहिती आजच्या आज भरा."

या माहितीतली निम्मी भानगड नावांची असते. आता प्रत्येक मुलाचा अपार आयडी काढायचा. त्यासाठी आधार कार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं पाहिजे. शेख हा दोन अक्षरी शब्द इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतो ते आमच्या यादीत बघा. शेख आधी की नावानंतर, मोहम्मद पूर्ण की नुसतं मो., वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही. हे फक्त आमच्याच लोकांचं दुखणं आहे असंही नाही. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग डीने सुरू करायचं की जीने, यावर आमच्या शाळेतला एक मुलगा महिनाभर अडकला होता. त्याची आई द्राक्षबागेत मजुरीला जाते. आधार केंद्राच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे तिचा एक दिवसाचा रोज बुडाला. ती मला म्हणाली, "बाई, पोरगं तेच हाय की, नावानं काय फरक पडतोय?" तिला काय सांगायचं? फरक पडू नये हे मलाही पटतं. पण पडतो.

किती पडतो ते मला २०१९ च्या हिवाळ्यात पहिल्यांदा दिसलं. त्या डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि कुठले कागद लागतील या चर्चेने मोहल्ल्यामोहल्ल्यात लोकांची झोप उडाली. जानेवारीत शाळेच्या व्हरांड्यात म्हातारी माणसं येऊन बसायला लागली. कुणी चाळीस-पन्नास वर्षांनी शाळेची पायरी चढत होतं. सगळ्यांची मागणी एकच, प्रवेश निर्गम उतारा. म्हणजे जनरल रजिस्टरमधली आपली ओळ, शाळेच्या शिक्क्यासह.

उतारा मागणं हा त्यांचा हक्क होता, देणं आमचं काम होतं. पण तीस-चाळीस वर्षं मागची पानं उलटायला वेळ लागतो. माझे एक सहकारी गुरुजी मराठा समाजाचे. त्यांची गावाला जायची एस.टी. साडेपाचची. त्या महिन्यात किती तरी वेळा ती त्यांनी सोडली. ते नावं शोधायचे, मी उतारा लिहायची. एका आजोबांची नोंद सापडली तेव्हा त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे मीच का?" मग स्वतःशीच म्हणाले, "गुरुजींनी लिहून ठेवलं होतं म्हणायचं." चौथीत शाळा सोडल्याचं कारण लिहिलं होतं, 'घरकाम'. वर्तणूक, 'चांगली'. त्यांनी 'चांगली' हा शब्द दोनदा वाचायला लावला.

ज्यांची नोंद सापडली नाही, त्यांना परत पाठवताना काय वाटायचं ते लिहिणं अवघड आहे. शाळेचं तोंडही न बघितलेला माणूस रजिस्टरमध्ये कुठून सापडणार? बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच. भावाची ओळ असायची, बहिणीची नसायची.

चार वर्षांनी तेच कपाट पुन्हा उघडलं. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि राज्यभर जुन्या दप्तरांमध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. शाळांना आदेश आले, १९६७ पूर्वीचं एकेक पान तपासा. या वेळी व्हरांड्यात बसलेली माणसं वेगळी होती, हातात तशीच पिशवी, चेहऱ्यावर तोच घोर. काही पानं मोडीत होती, त्यासाठी तालुक्याहून मोडी वाचणारे एक जाणकार बोलवावे लागले. आता नावं मी शोधत होते आणि माझे सहकारी गुरुजी लिहीत होते.

एके दिवशी त्यांच्याच आजोबांची ओळ आली. आम्ही दोघं भिंग घेऊन वाकलो. जातीच्या रकान्यात 'मराठा' असं स्वच्छ अक्षरात होतं. 'कु' नाही, 'कुणबी' नाही. गुरुजी क्षणभर गप्प बसले, मग हसून म्हणाले, "अक्षर मात्र मोत्यासारखं आहे बघा, बाई," आणि पान उलटून पुढच्या नावाकडे वळले. त्यांच्याच गल्लीतल्या एका घराची कुणबी नोंद त्याच आठवड्यात त्यांनीच शोधून दिली. आरक्षणाबद्दल आमची मतं सारखी नाहीत, आणि स्टाफरूममध्ये वाद होतात तेव्हा जोरात होतात. पण त्या कपाटासमोर आम्ही दोघांनीही कुणाची ओळ शोधायला नकार दिला नाही.

मग २०२५ च्या उन्हाळ्यात ही वही माझ्या स्वतःच्या घरात शिरली.

माझे मोठे दीर टेम्पो चालवतात. त्यांची मुलगी, माझी पुतणी, बारावीला चांगले गुण मिळवून पास झाली, सीईटीतही बरं यश मिळालं. तिला बी.फार्म. करायचं होतं. आमच्या घराण्यात डिग्रीच्या कॉलेजात जाणारी ती पहिली मुलगी. खाजगी कॉलेजची फी ऐकून दिरांचा चेहरा पडला. मला माहीत होतं की २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. पिंजारी जमात महाराष्ट्रात ओबीसीत आहे. म्हणजे पोरीला फक्त दाखला हवा होता.

हा 'फक्त' फार मोठा निघाला. घरात कुणाकडेच जातीचा दाखला नव्हता. दोन्ही भावांना कधी गरजच पडली नाही, एकाने गाद्या शिवल्या, दुसऱ्याने टेम्पो चालवला. दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वडिलांकडच्या रक्तनात्यातला पुरावा लागतो. दिरांच्या आणि यांच्या शाळेच्या दाखल्यावर पिंजारी आहे, पण ते दोघंही नंतरचे. एका कचेरीत सांगितलं, पुरावा नसेल तर ओबीसी मिळणार नाही. दिरांनी विचारलं, मग ईडब्ल्यूएस? तर उत्तर आलं, तुम्ही पिंजारी म्हणजे ओबीसीत येता, तुम्हाला ईडब्ल्यूएस कसं देणार? एकाच टेबलावर पाच मिनिटांच्या अंतराने आम्ही पिंजारी नव्हतो आणि होतोही.

दीर त्या रात्री जेवले नाहीत. पुतणी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "चाची, मी बी.एस्सी. करते. जवळच कॉलेज आहे." अठरा वर्षांच्या मुलीने इतक्या समजूतदारपणे माघार घ्यावी, याचा मला राग आला. कुणावर, ते मात्र कळेना.

सासरचं मूळ गाव सत्तर किलोमीटरवर आहे. मे महिन्याची सुट्टी, दुपारचं ऊन. तिथल्या मुख्याध्यापकांना फोन केला आणि मीही शिक्षिका आहे असं सांगितलं. सुट्टीत कपाट उघडायला लावणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, म्हणून विनंतीच केली. ते आले. पंखा बंद होता, खिडक्या उघडून आम्ही बसलो. मी, दीर आणि ते सर.

सासरे बुवा १९५४ साली पहिलीत दाखल झाले होते. ओळ सापडली. त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनावाच्या जागी 'मुसलमान'. जातीच्या रकान्यात पुन्हा 'मुसलमान'. पिंजारी कुठेच नाही. दीर खुर्चीतच मागे रेलले. आमच्या समाजातल्या हजारो घरांचं हेच आहे. बागवान, मुलाणी, अत्तार, तांबोळी, शिकलगार, पिंजारी, कुणीही असो, शाळेत नाव घालताना अनेक ठिकाणी सगळ्यांना एकच शब्द लावला गेला. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल. त्याला तेवढं पुरेसं वाटलं. पुढे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार यांच्यासारखा मोठा माणूस तिच्यासाठी सभांना गेला, मुसलमानांतल्या कारागीर जमातींना सवलती मिळाल्या. पण कागदावरचा तो एक शब्द आडवा येतोच.

सर म्हणाले, "भाऊबंद कुणी होते का शाळेत?" धाकटे चुलतसासरे होते. त्यांचं साल कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही १९५५ पासून एकेक पान घेतलं. १९५९ च्या जूनमध्ये ते सापडले. तेच वडील, तेच गाव. आणि जातीच्या रकान्यात, वेगळ्या शाईत, वेगळ्या हातात, 'मुसलमान पिंजारी'.

दिरांनी ते दोन शब्द माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. पाच वर्षांत आमच्या घराची जात बदलली नव्हती, गुरुजी बदलले होते. पहिल्या गुरुजींनी बघून लिहिलं. दुसऱ्यांनी बहुधा विचारून लिहिलं. "काय धंदा करता?" किंवा "तुमच्यातले तुम्ही कोण?" असा एखादाच प्रश्न. त्याला कितीसा वेळ लागला असेल? त्या एका प्रश्नावर ६६ वर्षांनी एका मुलीची चार वर्षांची फी ठरली.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. उतारा, वंशावळीचं शपथपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सेतूच्या चकरा. दिरांचे टेम्पोचे कित्येक दिवस त्यात गेले. कागदपत्रांची मुदत संपायला चार दिवस उरले असताना जातीचा दाखला हातात आला. पडताळणीचा अर्ज केल्याची पावती जोडून प्रवेश झाला. धाकटे चुलतसासरे आता ऐंशीच्या जवळ आहेत. त्यांना जाऊन सांगितलं तेव्हा म्हणाले, "मैं चारच किताबां पढ्या. पन पोती कू काम आया."

अम्मी हे सगळं ऐकत होत्या. रात्री भांडी आवरताना त्यांनी मला विचारलं, "मेरा नाम बी रहेंगा क्या गे कौन-से स्कूल में?" त्यांच्या माहेरचं गाव वेगळं. त्यांचे दोन्ही भाऊ शाळेत गेले, त्या धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेच्या भिंतीपर्यंत जायच्या. म्हणजे रजिस्टरमध्ये त्या नाहीत. रेशनकार्डावर त्यांच्या नावाला 'बी' जोडलंय, आधारवर 'बेगम', मतदार यादीत नुसतंच नाव. मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "चल, पोरी का तो है." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही.

नावाच्या कटकटीतून मीही सुटलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला की ज्या सेवेतील शिक्षकांना निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायला हवं. मी २०१० साली शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना ३,००० रुपये मानधनावर. तेव्हा राज्यात टीईटी नव्हतीच. आता संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला चौथीतला मुलगा पाढे म्हणतो, दुसऱ्या बाजूला मी बालमानसशास्त्र वाचते. १५० गुणांचा पेपर. अम्मींना हे अजून पटलेलं नाही, शिकवणाऱ्याचीच परीक्षा कशी? मुलाला मात्र मजा वाटते. तो माझी प्रश्नोत्तरं घेतो आणि चुकलं की माझ्याच आवाजात रागावतो. डी.एड.चं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं. अर्ज भरताना ती दोन्ही नावं जुळवायला राजपत्राची प्रत शोधावी लागली.

आता जूनमध्ये नवीन मुलं येतात तेव्हा मी एका नावाला बराच वेळ घेते. जन्माचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, तसं शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पण जे लिहायचं ते आई आणि बाप दोघांना वाचून दाखवते. आधारवर काय आहे ते बघते, नाव कसं उच्चारता ते विचारते आणि जातीच्या रकान्यापाशी थांबून पुन्हा विचारते. एकदा मुलाने शाळा सोडली की ही ओळ दुरुस्त करणं फार जिकिरीचं असतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लावायचा नियम झाला आहे. ती मुलं अजून अंगणवाडीच्या वयाची आहेत. काही वर्षांनी पहिलीत येतील, तेव्हा त्यांच्या आयांची नावं या रजिस्टरमध्ये लेकरांच्या नावाशेजारी बसतील. अम्मींना मी हे सांगितलं आहे.

तुम्हालाही एक सांगते. उद्याची वाट न बघता आपल्या मूळ गावच्या शाळेत जाऊन आजोबा-चुलत आजोबांचा निर्गम उतारा काढून ठेवा. एकाच्या नोंदीत नसेल तर दुसऱ्याच्या बघा, बहिणींच्याही बघा. कागद वेळेवर शोधायला लागलो की मुदत जवळ आलेली असते आणि शाळेला सुट्टी असते. आणि तिथल्या गुरुजींशी, बाईंशी जरा नरमाईने बोला. त्यांच्या टेबलावर अजून तीन अहवाल पडलेले असतात.

आमच्या शाळेतल्या सगळ्यात जुन्या रजिस्टरची पाठ उसवली आहे, पानं सुटायला लागली आहेत. बांधणीसाठी निधी मागितला आहे, तो येईल तेव्हा येईल. येत्या रविवारी हे शाळेत येणार आहेत, गादी शिवायची लांब दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन. गुरुजी म्हणालेत, मीही येतो, पानं धरायला कुणीतरी लागेल.